चार हजेऱ्यांची फीत

आधीच सांगून ठेवतो, मला त्या मशीनचा लई राग होता. अजूनही थोडा हाय. पण चांगुणावैनींबद्दल बोलायचं तर मशीन टाळून बोलताच येत न्हाय, तेव्हा माझा नाइलाज हाय.

मी बाबू. तामलवाडीच्या आमच्या बौद्धवस्तीत ढोलकी वाजवणारा मी एकटा. दुसरा कुणी असता तर वैनींनी त्यालाच धरलं असतं, हे त्यांनीच मला तोंडावर सांगितलंय. वैनी म्हणजे आमच्या पिराजीची बायको. पिराजी शाळेत शिपाई. वैनी उंचीनं बेताच्या, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की लाइट जाऊन स्पीकर बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा न्हाय. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाच्या पोरीचं लग्न असो, 'चांगुणाबाई आणि पार्टी' म्हटलं की माणसं जेवणं उरकून पुढं येऊन बसायची. त्या 'आणि पार्टी'त मी आणि चार झीलकरणी. वैनींनी ओळ सोडली की ती उचलायची, लांबवायची, वैनींना दम खायला जागा द्यायची, ही झील. वैनींच्या थोरल्या जाऊबाई हरणाबाई, मग पुतळाबाई, सुमनबाई आणि सिताबाई. चौघींचे चार तऱ्हेचे गळे आणि आठ तऱ्हेची भांडणं.

ही पार्टी कुठल्या मास्तरानं उभी केली न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर ती आपोआप उभी राहिली. वैनी तेव्हा नव्या नवरी. तोंडातून शब्द फुटायचा न्हाय. सकाळी मुकादम हजेरीचं बुक घेऊन दगडावर उभा राहायचा, एकेक नाव पुकारायचा, आणि बाया 'हाय जी' म्हणायच्या. नाव पुकारल्यावर 'हाय जी' आलं न्हाय की दिवस बुडाला, मग दिवसभर खडी फोडा न्हायतर डोंगर फोडा. एक दिवस वाटेतच वैनींना भोवळ आली आणि त्या मागं राहिल्या. इकडं त्यांचं नाव पुकारलं गेलं. हरणाबाईची हजेरी आधीच झाली होती. तिनं मान खाली घातली, नाकातून आवाज काढला आणि म्हणाली, "हाय जी!"

मुकादम काय खुळा होता का? त्यानं चष्म्यावरून बघितलं. "ह्या तोंडातून एकदा हजेरी झाली की गं!"

तर पुतळाबाई म्हणाली, "हाय जी!" सुमनबाई म्हणाली, "हाय जी!" आणि सिताबाईनं तर असा टाहो फोडला की सारी रांग हसायला लागली. मुकादमही हसला आणि त्यानं वैनींच्या नावापुढं खूण केली. त्याच आठवड्यात घमेलं डोक्यावर असताना वैनींनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर गळा मोकळा केला:

कोण कोण आलं गं तळ्यावरी?

आणि चौघींनी एकामागं एक, आपापल्या गळ्यात उत्तर दिलं, हाय जी, हाय जी, हाय जी, हाय जी.

पुढं बाबासाहेबांची गाणी आली, शाळेची आली, दारूबंदीची आली. पण कार्यक्रम उघडायचा तो ह्या हजेरीनंच. चार 'हाय जी' झाल्याशिवाय पार्टी सुरू झाली असं आमी मानतच न्हवतो. मी कधी घाईत सरळ पुढच्या गाण्याची थाप दिली तर हरणाबाई स्टेजवरच डोळे वटारायची.

पंच्याऐंशी साली पुन्हा आभाळ कोरडं गेलं. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आधीच वाळली. दसरा झाला आणि वस्तीतली निम्मी माणसं कोयते घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला निघाली. कारखाना सहकारी, ट्रकवर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं. त्या ट्रकात आमच्या चारी झीलकरणी बसल्या. पिराजीची शाळा होती म्हणून वैनी तेवढ्या मागं राहिल्या. हरणाबाई ट्रकात चढली, पदर खोचला आणि वरून ओरडली, "कळंबच्या जयंतीला येतोच आमी! तवर आमची जागा धरून ठेव!"

"धरते, बाई," वैनी म्हणाल्या. ट्रक दिसेनासा होईपर्यंत त्या रस्त्यावरच उभ्या होत्या.

कळंबचा कार्यक्रम म्हणजे तालुक्याच्या गावचा. तिथं गायलं की वर्षभर बोलावणी यायची. आणि तिथल्या कमिटीचे आबाराव म्हणजे कडक माणूस. दिवाळी सरली न सरली तोच त्यांचा निरोप आला: झील नसेल तर पार्टी म्हणून बोलावता येणार न्हाय, मधल्या काळात कुठं तुमचा कार्यक्रम बंद पडल्याचं कानावर आलं तर दुसरी पार्टी ठरवू.

"मग दुसऱ्या बाया घ्या की," मी म्हटलं.

"वस्तीत राहिलंय कोण, भावजी? म्हाताऱ्या आन् तुमी."

मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? मग वैनी हळू आवाजात म्हणाल्या, "पार्टी मोडली तर बाया परत कशात येतील? नुसत्या झोपडीत? सहा महिने ऊस तोडून आलेल्या बाईला कुणीतरी पुढं ये, माइकाजवळ ये म्हणावं लागतं. न्हायतर ती कोयताच होऊन जाती." हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. मी ढोलकीची दोरी ओढत बसलो, दुसरं काय करणार.

तर अणदूरला ईरण्णाचं स्पीकरचं दुकान होतं. गडी लिंगायत, अर्धं बोलणं कानडीत, चष्म्याची एक काडी कायम तुटलेली. त्याच्या दुकानात आम्हाला वेगळी कपबशी न्हवती, हे मी मुद्दाम सांगतो. त्याच्याकडं लग्नात गाणी वाजवायचं एक जुनं मोठं टेप होतं, दोन थाळ्यांएवढ्या चकत्या आणि त्यांच्यावरनं पळणारी तपकिरी फीत. आमी स्पीकर ठरवायला गेलो तेव्हा तो कुठल्याशा पाणी सोसायटीच्या सभेचं भाषण वाजवून बघत होता आणि फीत तुटली होती. खराब झालेला हातभर तुकडा कापायचा आणि उरलेली दोन टोकं जोडायची, एवढंच काम. पण ह्या बहाद्दरानं चष्म्याच्या गडबडीत कापलेल्या तुकड्याचीच दोन टोकं एकमेकांना चिकटवली, आणि ते कडं मशीनवर चढवून कळ दाबली.

चेअरमनसाहेब बोलायला लागले: "बंधूंनो, धीर धरा, पाणी येणार!" आणि पुन्हा, "बंधूंनो, धीर धरा, पाणी येणार!" आणि पुन्हा.

"अय्यो!" ईरण्णा म्हणाला.

मी पोट धरून हसत होतो. वैनी मात्र हसल्या न्हायत. चौथ्या फेऱ्याला साहेब 'पाणी येणार' म्हणाले आणि वैनींनी सुरात विचारलं, "कवा?" पुढच्या फेऱ्याला, "कवा गं बाई कवा?" साहेब थकेनात, वैनी थकेनात. रस्त्यावरची माणसं दुकानासमोर थांबली. शेवटी ईरण्णानं कळ बंद केली तेव्हा वैनी त्याला म्हणाल्या, "ईरण्णा, हा माणूस झील धरतोय. ह्याच्या जागी मला घाल."

हे डोकं बघा. शाळा चौथीपर्यंत. आमी भाषणाला हसत होतो आणि त्या बाईला त्यात आपली झील सापडली होती.

पुढचे पंधरा दिवस दोघांनी त्या टेपाचा जीव घेतला. ईरण्णानं सांगितलं की फीत पळताना आधी जुना आवाज पुसणारा एक तुकडा लागतो, मग नवा आवाज भरणारा. वैनी म्हणाल्या, "मग पुसणाऱ्याच्या तोंडाला काहीतरी बांध." ईरण्णानं काड्यापेटीचा पुठ्ठा कापून त्या पुसणाऱ्या तुकड्यावर सरकवला. झालं! जुना आवाज राहिला आणि त्याच्यावर नवा बसला. एक चांगुणावैनी, दोन चांगुणावैनी, तीन चांगुणावैनी. फीत मोठी लागली, पावणेदोन हात, ती ताठ राहावी म्हणून टेबलावर वाळू भरलेली सोड्याची बाटली ठेवली आणि फीत तिच्याभोवतीनं फिरवली. फितीच्या जोडावर पांढरी पट्टी चिकटवली. पट्टी बाटलीवरनं गेली की सम.

आता अडचण अशी की आवाज भरताना आधी भरलेलं ऐकू येत न्हवतं. वैनींच्या हाताशी दोनच गोष्टी, ती पांढरी पट्टी आणि माझी ढोलकी. मी केसाएवढा पुढं-मागं झालो की सगळ्या चांगुणावैनी एकमेकींच्या अंगावर पडायच्या. वैनींनी आणखी एक हेरलं. दर नव्या थराबरोबर आधीचा आवाज थोडा फिका होतो. ईरण्णा म्हणायचा हा मशीनचा दोष. वैनी म्हणाल्या, "दोष कसला? लांबची बाई आधी गाऊ दे, जवळची मागनं." म्हणून त्या पहिल्यांदा खर्जात गायच्या, मग मधल्या पट्टीत, मग वरच्या. घमेल्यावर दगडाची टिचकी सगळ्यात शेवटी. आणि ईरण्णानं ते कर्ण्यातून सोडलं की तळ्याच्या पलीकडच्या काठापासून अलीकडच्या काठापर्यंत बाया उभ्या आहेत असं वाटायचं. माझ्या अंगावर काटा आला होता. तेव्हा मी हे कबूल केलं न्हाय, आता करतो.

हे सगळं त्या स्टेजवर, लोकांदेखत करायच्या. आधी भरून आणलेलं कधी वाजवलं न्हाय. "लोकांनी बघू दे, झील कशी उभी राहती," म्हणायच्या.

फक्त एक गोष्ट. फितीवर आठ आकडे मोजण्याएवढा वेळ होता. पहिल्या चारात 'कोण कोण आलं गं तळ्यावरी'. उरलेले चार म्हणजे चार 'हाय जी'. आणि तिथं वैनी गप्प राहायच्या. तीन थर भरले तरी तिन्ही वेळा तिथं फक्त माझी ढोलकी. फीत फिरायची, तीन चांगुणावैनी विचारायच्या कोण कोण आलं, आणि मग काहीच न्हाय. लोक म्हणायचे मशीन मधेच मुकं होतंय. ईरण्णाला शिव्या बसायच्या की जोड नीट मारला न्हाय. बिचारा मला काकुळतीनं म्हणायचा, "जोड चांगला हाय रे, दोष इल्ला, न्हाय म्हणून सांग की त्यांना!"

मी वैनींना म्हटलं, "चार 'हाय जी' भरून टाका ना, काय जड हाय का तुम्हाला?"

"एस्टीत रुमाल टाकून जागा धरतात, भावजी. त्या रुमालावर आपणच बसायचं का?" त्या म्हणाल्या. "त्यांची हजेरी मीच दिली तर त्या आल्या न्हायत हे कळणार कुणाला?"

मला पटलं न्हाय. खरं सांगू का, मला काहीच पटून घ्यायचं न्हवतं. पूर्वी गाणं रंगलं की मी लय वाढवायचो, शेवटी अशी दुगण लावायचो की टोप्या उडायच्या. आता फितीनं मला दावणीला बांधलं होतं. टाळ्या मशीनला, शाबासकी ईरण्णाला. ह्या रागात एक दिवस मी घाण केली. गुरुलिंग म्हणून एक ट्रकवाला कारखान्यावर ये-जा करायचा. त्याला म्हटलं, "सांग आमच्या बायांना, निवांत ऊस तोडा. चांगुणाबाईकडं मशीन आलंय. तुमची जागा भरली." चहाच्या टपरीवर, हसत हसत. थट्टाच होती ती. न्हाय, पुरती थट्टा न्हवती.

शिमग्याच्या सुमाराला गुरुलिंग उलटा निरोप घेऊन थेट वैनींच्या दारात आला. मी तिथंच बसलो होतो. "हरणाबाई म्हणाली, आमची हजेरी आता मशीन देतंय, तर आमी कळंबला कशाला येऊ? चौघींचं हेच म्हणणं हाय."

वैनींच्या हातात पिठाची परात होती. त्या तशाच खाली बसल्या. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, एक शब्द विचारला न्हाय. गुरुलिंगनं माझ्याकडं बघितलं, मी बाहेर बघितलं. वैनी म्हणाल्या, "बाईला असं वाटलं? माझ्याबद्दल?" आणि रडायला लागल्या. माझ्यात तेव्हा हिंमत असती तर मी तिथंच सांगितलं असतं. न्हवती.

जयंतीला आमी तिघं कळंबला गेलो, वैनी, मी आणि मांडीवर टेप घेऊन बसलेला ईरण्णा. एस्टीत त्यानं त्याला खाली ठेवलं न्हाय. दुपारी चारचा कार्यक्रम, ऊन असं की मांडवाचं कापड हाताला चटका देत होतं. आबारावांनी तीन माणसं मोजली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चांगुणाबाई, ही पार्टी? बाया कुठं हायत?"

"यायच्या हायत," वैनी म्हणाल्या.

"तुमचं मशीन मधे मुकं होतं म्हणे. आज तसं झालं तर पुढच्या वर्षीचं माझ्या हातात न्हाय."

मी वैनींच्या कानाशी लागलो. हात जोडले अगदी. "आज भरा ती जागा. चार वेळा 'हाय जी', झालं. पार्टी वाचंल." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फक्त "थाप द्या" म्हणाल्या.

पट्टी बाटलीवरनं गेली. पहिला थर खर्जात, दुसरा, तिसरा, घमेलं. ईरण्णानं कळ फिरवली आणि कर्ण्यातनं त्या साऱ्या बाया उभ्या राहिल्या. मांडवात एकदम शांतता. कोण कोण आलं गं तळ्यावरी? आणि मग चार आकडे नुसती ढोलकी. कुणीतरी हसलं. दुसऱ्या फेऱ्याला आवाज आला, "ओ, अडकलं बघा तुमचं!" आबाराव खुर्चीतून उठले. वैनी माइकासमोर हात सोडून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून.

तेव्हा मला त्या दिसल्या. मांडवाच्या पार मागं, पाण्याच्या टँकरच्या सावलीत, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या चार बाया. ऊसच सरला होता, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम आधीच बंद झाला होता, आणि गावाकडं जाताना ट्रक तिकडच्या माणसांना सोडायला कळंबला थांबला होता. हातांवर पाचटाचे ओरखडे, तोंडं रापलेली. हरणाबाई आमच्याकडं पाठ करून उभी होती. मशीन आपल्या जागी कसं गातंय एवढंच ऐकायला ती थांबली असावी. आणि तिला काय ऐकू येत होतं? तिची जागा. रिकामी.

तिसरा फेरा. कोण कोण आलं गं तळ्यावरी?

हरणाबाई वळली. तिनं गाठोडं खालीही ठेवलं न्हाय. तिथूनच, माइक न्हाय काय न्हाय, चौदा वर्षांपूर्वी मुकादमाला दिला होता तसा आवाज आला, "हाय जी!"

सगळा मांडव मागं वळला. चौथ्या फेऱ्याला दोन 'हाय जी' आले. पाचव्याला तीन. सहाव्याला चारी, एकामागं एक, आपापल्या गळ्यात, बरोबर आपापल्या आकड्यावर. माणसं उठून वाट करून द्यायला लागली. ईरण्णाला राहवलं न्हाय, तो रडत रडत आवाज भरायच्या कळीकडं हात नेत होता. वैनींनी त्याचं मनगट धरलं. "न्हाय ईरण्णा. ते भरायचं न्हाय."

हरणाबाई स्टेजच्या पायरीशी येऊन थांबली. वर चढेना. "आमची जागा भरली म्हनं तुझ्या मशीननं."

"भरली असती तर आता तुमी कुठं बोलला असता, बाई?" वैनी म्हणाल्या.

हरणाबाईनं गाठोडं टाकलं आणि पदर तोंडाला लावला. मग तिनं माझ्याकडं असं बघितलं की गुरुलिंगनं निरोपाबरोबर माझं नावही पोचवलं होतं हे मला कळून चुकलं. फीत फिरतच होती. माझी लय सुटायला लागली. माइक चालू हाय हेही मी विसरलो आणि म्हटलं, "म्या सांगितलं होतं, वैनी. म्या."

सगळ्या कळंबनं ऐकलं. वैनींनी मागं वळूनही बघितलं न्हाय. त्यांचा हात हरणाबाईला वर ओढून घेत होता.

"ठाऊक हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "शिमग्यापासनं ठाऊक हाय. हात थांबवू नका, चौघी अजून वर चढायच्या हायत."